साहेबांच्या मापाचा माणूस

"तुमचं पोट तुमचं आहे की साहेबांचं, ते एकदा सांगून टाका," असं म्हणत बायकोने भाताचं पातेलं ओट्यावर इतकं आपटलं, की झाकण उडून मोरीपर्यंत घरंगळत गेलं. "म्हणजे मी कुणासाठी रांधतेय ते तरी कळेल मला."

"अगं, अर्धंच वाढ म्हटलं. संन्यास घेतो म्हटलं नाही."

"तीन दिवस अर्धंच चाललंय. आणि काल लेकीच्या वजनकाट्यावर श्वास रोखून कोण उभं होतं? मी दाराआडून बघत होते."

"त्याला कावीळ झालीय," खाटेवर लसूण सोलत बसलेली त्याची आई म्हणाली. "डोळे बघा त्याचे. माझं मेलं ऐकतंय कोण या घरात."

"आई, डोळे ठीक आहेत माझे."

"मग बाहेर कुठेतरी जेवून येत असणार," बायको म्हणाली. "या वयात!"

लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून तिला बंद तोंडाचा राग यायचा. "बाबा, बोला ना एकदाचं," ती म्हणाली.

तो ताटाकडे बघत बोलला. "साहेबांनी सांगितलंय. वजन किलोभर वाढायला नको, किलोभर उतरायला नको. सध्या जरासं वर आहे. आणि पुढच्या सोमवारपासून मी बंगल्यावर राहायचं. गॅरेजवरच्या खोलीत. तिथला स्वयंपाकी तोलून वाढेल. सात-आठ महिन्यांचाच प्रश्न आहे."

बायको मोरीतून झाकण उचलायला वाकली होती, ती तशीच राहिली.

"तोलून?" आई म्हणाली. "बोकडाला तोलतात तसं?"

तो साहेबांचा ड्रायव्हर होता. वीस-बावीस वर्षं एकाच घरची गाडी, एकच माणूस मागच्या सीटवर. कधी आरशाचा कोपरा कुठे घासला नाही, कधी मागून "जरा हळू" ऐकावं लागलं नाही. 'थांब' हा शब्द साहेबांच्या तोंडून पुरता बाहेर पडायच्या आत त्याचा पाय ब्रेकवर गेलेला असायचा. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "माझ्या डोक्यात येतं आणि याच्या पायात उतरतं." गेटवरचा पहारेकरी मात्र त्याला 'डबल' म्हणायचा. त्याचं कारण वेगळं होतं.

साहेबांना गुदगुल्या फार. एवढा मोठा माणूस, ज्याच्या चपलेचा आवाज आला की ऑफिसातली कुजबूज थांबायची, त्याच्या काखेत शिंप्याची टेप गेली की तो लहान पोरीसारखा किंचाळायचा. एकदा हे दोन कारकुनांच्या देखत झालं. तेव्हापासून मापाला ड्रायव्हरला पाठवायचं असं ठरलं. उंची एक, खांदे एक, पायाचा नंबरसुद्धा एक. नवे बूटही आधी तो आठवडाभर घालायचा आणि चामडं नरमलं की साहेबांच्या पायात जायचे. "आम्हा दोघांची अंगकाठी एकच," साहेब हसून म्हणायचे. "फरक काय तो नशिबाचा."

पहिली एक-दोन वर्षं हे खरं होतं. पुढे साहेबांची अंगकाठी साहेबांबरोबर वाढत गेली. शिंपी हुशार. तो टेप ड्रायव्हरच्या कमरेला लावायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि कापताना मनानेच दोन बोटं वाढवायचा. मग तीन. मग चार. "हे आपल्या दोघांत बरं का, डबल," तो म्हणायचा. सदरे व्यवस्थित बसायचे. साहेब आरशात बघून समाधानाने मान हलवायचे. आपण पंचविशीत होतो तसेच आहोत असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहावं, याची काळजी शिंपी घेत होता, धोबी घेत होता, आणि ड्रायव्हर पुढची सीट जरा आणखी पुढे सरकवून ठेवत होता.

मग ती गाडी आली.

इटलीतल्या एका कारखान्याची. जगात मोजक्याच बनणार होत्या आणि पैसे असून भागत नव्हतं. कंपनीच गिऱ्हाईक निवडायची. साहेबांची निवड झाली त्या दिवशी त्यांनी ऑफिसात सगळ्यांना अर्धी सुट्टी दिली. पुढे कंपनीचा एक परदेशी माणूस मोजमाप घ्यायला आला. येताना एक काळी बैठक आणि उशांसारख्या तुकड्यांनी भरलेली पेटी घेऊन आला. साहेब मीटिंगमध्ये होते आणि नसते तरी बसले नसते. सेक्रेटरीने नेहमीसारखा ड्रायव्हरला निरोप दिला, माप देऊन ये.

तो बसला. अंगावर साहेबांचाच जुना कोट होता. परदेशी माणूस त्याला 'सर' म्हणत होता, पाठीशी एक तुकडा लावत होता, काढत होता, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजत होता, हात पुढे करायला लावून मनगट कुठे येतं ते बघत होता. त्याला कुणी असं निरखून आजवर पाहिलं नव्हतं. बायकोनेही नाही. चार बोटं वाढवा, हे सांगायला हवं होतं. पण त्या भाषेत कसं सांगणार, आणि सेक्रेटरीच्या देखत कसं सांगणार? एवढी मोठी कंपनी, त्यांना कळत असेल, असं म्हणून तो उठला.

कंपनीला कळत नव्हतं. कंपनीने जसं मोजलं तसंच बनवलं.

दीडेक वर्षाने गाडी गॅरेजमध्ये उतरवली, तेव्हा सगळा बंगला बघायला उभा होता. ओल्या पाटीसारखा रंग. उंची माणसाच्या कमरेला जेमतेम. समोरून शिरलेला वारा नाकाखालून आत जाऊन वरून बाहेर पडावा म्हणून तिच्या अंगात नुसत्या फटी आणि घळी होत्या. जिथे काही असेल असं वाटावं तिथे नेमकं काहीच नव्हतं. दारं बाजूला न उघडता वर उचलली जायची, भुंग्याच्या पंखांसारखी. मागे काचेखाली बारा सिलिंडरचं इंजिन उघडं दिसत होतं. हजाराला थोडीच कमी अश्वशक्ती, असं सेक्रेटरीने वाचून दाखवलं.

साहेब बसायला गेले. आधी एक पाय, मग डोकं, मग थांबले. मग उलट्या क्रमाने. मग बाजूने. गादीला अपुऱ्या खोळीत कोंबावं तसा प्रकार झाला.

"अहो," बाईसाहेब म्हणाल्या, "आत जाताय की बाहेर येताय?"

"सीट मागे घ्या!" साहेब आतून ओरडले.

कंपनीचा तोच माणूस गाडीबरोबर आला होता. त्याने सेक्रेटरीकरवी समजावलं. मागे घ्यायला ती खुर्ची नाही. गाडीचं काळं कवच ज्या कार्बनचं, त्याच्यातच ती बैठक ओतलेली आहे. त्यामुळे वजन वाचतं, आणि गाडी काय करतेय ते माणसाला पाठीतूनच कळतं. पुढे-मागे होतात ते पायाखालचे पेडल आणि हातातलं चाक. बैठक आहे तिथेच राहते. बदलायची म्हटली तर नवीन बैठक कारखान्यातून, सात-आठ महिने.

"पण माप माझंच घेतलं होतं ना?" साहेब लालबुंद होऊन म्हणाले. "मग हे कुणाचं आहे?"

तेवढ्यात परदेशी माणसाला कोपऱ्यात फडकं घेऊन उभा असलेला ड्रायव्हर दिसला. त्याचा चेहरा उजळला. दोन्ही हात पसरून तो पुढे आला आणि म्हणाला, "सर!"

बाईसाहेबांना हसू आवरेना आणि त्या पदर तोंडाला लावून निघून गेल्या. साहेबांनी आधी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, जणू ते आत्ताच कुणीतरी आणून लावलं होतं. खूप वेळाने म्हणाले, "बस बघू तू."

तो बसला.

हे सगळं ऐकून झालं तेव्हा त्याच्या बायकोने पातेल्यावर झाकण ठेवलं होतं, आणि स्वतः ओट्याला टेकून उभी होती. तिचा राग ओसरला नव्हता. त्याला आता नीट जागा मिळाली होती.

"म्हणजे त्यांच्या ढेरीची शिक्षा तुम्हाला," ती म्हणाली. "आणि तुम्ही 'हो' म्हणून आलात. आई आजारी असते, लेकीला उशीर झाला तर आणायला माणूस लागतो, आणि तुम्ही तिकडे गॅरेजवर जाऊन राहणार. विचारलंत तरी का घरात?"

"गाडीवाल्या लोकांचे मेळावे असतात. साहेबांना सगळ्यांसमोर गाडी पळवून दाखवायचीय. कंबर दुखते म्हणून ड्रायव्हर चालवतोय, असं सांगणार. दुसरा कुणी तिच्यात बसत नाही."

"न बसो! जाळा ती गाडी."

"ती माझ्या मापाची आहे," तो म्हणाला.

हे त्याने इतक्या हळू आवाजात सांगितलं, की लेकीने मान वर केली. बाबांना जायला सांगितलंय म्हणून ते जात नव्हते. बाबांना जायचं होतं.

"पाठ टेकली ना," तो थांबत थांबत म्हणाला, "तर कुठे काही टोचलं नाही. काही सैल नाही. पाय सरळ केला तर पेडल तिथेच. हात पुढे केला तर चाक तिथेच. उभ्या जन्मात असं..."

बायकोने त्याला ताट पुरतं वाढलं नाही आणि अर्धंही वाढलं नाही. "तुमचं तुम्ही घ्या," म्हणाली आणि आत गेली. रविवारपर्यंत त्या घरात कामापुरतंच बोलणं झालं.

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर साहेबांनी चाचणी ठेवली होती. तो उजाडताच गेला आणि दुपारी, जेवणं व्हायच्या आत, परत आला. चपला दाराशी न काढता तसाच आत आला. आईच्या खाटेच्या कडेवर बसला. हात गुडघ्यांवर ठेवले, मग उचलून बघितले, पुन्हा ठेवले.

"काय झालं? ठोकलीत?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग असे भूत बघितल्यासारखे काय बसलात?"

लेकीने पाणी आणून दिलं. ते तो प्यायला नाही, नुसता पेला धरून बसला.

"शेजारची सीट सरसकट मापाची, तिच्यात साहेब कसेबसे मावले," तो म्हणाला. "सुरुवातीला तर आवाजच नाही. विजेवर चालते आधी, पंख्यासारखी. मग मी पाय दाबला. पाठीमागे एकदम बाराजणांनी आरोळी ठोकावी तसं इंजिन जागं झालं, आणि... आई, तू खोकलीस ना आत्ता, तेवढ्यात शंभर. गाल मागे गेले माझे. पोट पाठीला लागलं. आणि जितका वेग वाढत होता तितकी ती जास्त स्थिर होत होती. वाराच तिला जमिनीवर दाबून धरतो. दोनशे झाले. पुढे गेले."

"दोनशे?" बायको मटकन खालीच बसली. "अहो, तुम्ही मला दवाखान्यात नेताना कधी पन्नासच्या वर गेला नाहीत! ही पोर वाटेतच झाली असती!"

"ऐक ना." त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. "साहेबांनी माझी मांडी धरली. गच्च. नखं रुतली. आणि म्हणाले, थांब."

"मग?"

"मग मी थांबलो नाही."

आईचं जपमाळेवर चाललेलं बोट थांबलं.

"ऐकू आलं नसेल," बायको घाईघाईने म्हणाली. "एवढा आवाज तुम्हीच म्हणताय. कानाशी आरोळ्या."

"साहेबही तेच म्हणाले. गाडीतून उतरले. रुमालाने तोंड पुसून म्हणाले, आवाजात तुला ऐकू आलं नसेल. मी म्हटलं, हो साहेब, नाही आलं ऐकू. त्यांनी पाठीवर थापसुद्धा मारली. सोमवारी सामान घेऊन ये म्हणाले."

"झालं तर मग," बायको म्हणाली.

"स्वच्छ ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "एकदा नाही. तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा तर रडवेला आवाज होता त्यांचा. मी ऐकत होतो आणि पाय उचलत नव्हतो. आणि मला..." त्याने पेला खाली ठेवला. "मला बरं वाटत होतं. त्यांनी आणखी एकदा म्हणावं असं वाटत होतं."

हा माणूस गल्लीतली मांजर आडवी आली तरी हॉर्न न वाजवता ती पार होईपर्यंत उभा राहायचा. घरातले त्याला त्यावरून चिडवायचे. त्याच्याकडे तिघीजणी बघत होत्या, आणि तिघींनाही तो पाहुण्यासारखा दिसत होता.

"पण शेवटी थांबलास ना?" आईने विचारलं.

"थांबलो. रस्ता संपत आला म्हणून. ब्रेक दाबला की मागचा पंख उभा राहतो, डोळे बाहेर येतील असं वाटतं. पण साहेब म्हणाले म्हणून नाही थांबलो, आई."

बायको उठली. त्याच्या जवळ आली, कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. "असं होतं कधी कधी," ती म्हणाली. आवाज मात्र तिचा तिलाच पटला नाही. "वेगाची धुंदी. उद्या विसराल. राहायला जाऊ नका एवढंच माझं म्हणणं होतं. कंबर भरली म्हणा, काहीही सांगा. नेहमीची गाडी आहेच की. नेहमीसारखं जायचं, नेहमीसारखं यायचं. साहेबांना तर काही कळलेलंच नाही."

"मला कळलंय."

"त्याने काय होतं?"

"आता ते मागे बसून 'थांब' म्हणणार, आणि मी थांबणार. रोज. आणि रोज मला ठाऊक असणार की मी थांबतोय ते माझ्या मनात आलं म्हणून. असा माणूस मागच्या सीटवरच्यांनी कशाला ठेवावा?"

"वीस वर्षांची नोकरी आहे," बायको म्हणाली. "अहो, मी भांडले ते राहायला जाण्यावरून. नोकरीवरून नाही."

तो उठला. दाराशी गेला, चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि परत येऊन तिघींच्या समोर उभा राहिला.

"उद्या सकाळी मी साहेबांना सांगणार आहे की मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "आणि नोकरी सोडून येणार आहे."