आईची विचारपूस करणारा फुगा

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'वैज्ञानिक' म्हणते. खाली ह्यांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, आणि आतल्या खोलीत आई, म्हणजे माझ्या सासूबाई. कंबर मोडल्यापासून पलंगावरच आहेत. दुकानातून त्यांच्या उशाशी यायचं म्हणजे एक जिना चढायचा, बास. तेवढाही ह्यांना चढवेना. जेवण खाली मागवायचे, झोपायचेही दुकानातच. म्हणायचे, "आईला तसं बघवत नाही गं मला." ऐकलंत? ह्यांना बघवत नाही, आणि मी रोज धुते-पुसते ती काय डोळे मिटून?

आईंचं दिवसभर एकच. "तो आला का गं? जरा पाठवतेस त्याला?" मी जिन्यावरून हाक मारायची, आणि खालून उत्तर यायचं, "गिऱ्हाईक आहे!"

मग एक दिवस ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. चंदेरी प्लास्टिकचे दोन ताव माझ्या इस्त्रीने कडेकडेने चिकटवून पलंगाएवढा लांबोडका फुगा केला. इस्त्रीची वाट लावली ती वेगळीच. सजावटवाल्याकडून हेलियमची टाकी आणली. मोडक्या खेळण्यांतल्या मोटारी काढून फुग्याला इवलेइवले पंखे लावले, पोटाखाली कॅमेरा आणि जुन्या मोबाइलमधला स्पीकर बसवला. वजन जमावं म्हणून पोरांच्या खेळायच्या मातीच्या गोळ्या चिकटवायच्या. एक काढली की फुगा वर, एक लावली की खाली. सोनं तोलावं तसं तासन्‌तास तोलत बसायचे. आईंच्या औषधाच्या गोळ्या कुठल्या, ते मात्र ह्यांना आजतागायत ठाऊक नाही.

शेवटी मुहूर्त लागला. ह्यांनी दुकानात बसून मोबाइलवर अंगठा फिरवला आणि ते धूड डुलतडुलत जिन्याने वर आलं, दारातून आत शिरलं आणि पलंगापाशी थांबलं. "आई, काय हवंय?" फुगा ह्यांच्या आवाजात बोलला. खाली गिऱ्हाइकांनी टाळ्या पिटल्या. "मुलगा असावा तर असा!" कपाळ माझं.

फुगा खोलीत असला की छताचा पंखा बंद, असा हुकूम सुटला. वाऱ्याने भरकटतो म्हणे. आई घामाने चिंब व्हायच्या, तरी फुग्याच्या पोटावरून हात फिरवत विचारायच्या, "जेवलास का रे? खोकला थांबला का?" फुगा म्हणायचा, "हो हो, येतो मग," आणि मागच्या मागे सरकत निघून जायचा.

एकदा त्यांनी माझा हात धरला. "हा फुटला तर तो स्वतः येईल ना गं?"

मी म्हटलं, "येतील की! न येऊन जातील कुठे?"

"मग माझे केस विंचर."

मी केस विंचरले, चादर बदलली, धुतलेले कपडे घातले. त्यांनी माझ्या केसातला आकडा मागितला, मी काढून दिला. फुगा आला. "आई, काय हवंय?" आईंनी एका हाताने त्याला जवळ ओढलं आणि दुसऱ्या हाताने भोसकलं.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. आईंचा चेहरा असा काही उजळला! हे धापा टाकत आत आले आणि पलंगाशी गुडघे टेकून बसले. अगदी जवळ बसले, खोटं कशाला बोलू? आईंनी हात पुढे केला. "आलास?"

"थांब आई, हलू नकोस, आणखी फाटेल." ह्यांनी त्यांची बोटं एकेक करून प्लास्टिकवरून सोडवली आणि फुगा उजेडाकडे धरला. "जोड नाही सुटला. टोचलंय काहीतरी," असं मला सांगितलं. फुगा काखोटीला मारला आणि निघाले. आईंकडे एकदा मान वळवून पाहिलं असेल तर शपथ.

"अहो!" मी ओरडले.

"गिऱ्हाईक आहे!" जिन्यातून उत्तर आलं.

आता फुग्याला ठिगळ आहे, आणि मातीच्या दोन गोळ्या कमी केल्या आहेत. तो छतालगत राहतो. आईंचा हात तिथवर पुरत नाही.

काल खोलीची भट्टी झाली होती. फुगा वरूनच बोलला, "आई, काय हवंय?"

"जरा पंखा लाव रे बाळा."

"पंखा सोडून काहीही माग."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, होऊ देत एकदाच्या चिंध्या! आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"नको गं," आई म्हणाल्या. "आला तरी फुग्यासाठीच येईल."