रुखमाबाई आणि तलावाची वाट

रुखमाबाईच्या सायकलला घंटी नव्हती. मागून येताना ती खाकरायची. एकदाच, पण असे की पुढे चालणारी माणसे आपोआप दोन्हीकडे सरकायची. कोणी रागाने वळून पाहिले तर म्हणायची, "चाल ना बाप्पा, तुले कोन अडवलं?" आणि निघून जायची. वय साठीच्या पुढे, लुगडे गुडघ्यापर्यंत ओढून खोचलेले. कॅरिअरच्या दोन बाजूंना दोन पत्र्याचे डबे, डब्यांत तलावाचे पाणी आणि पाण्यात जिवंत मरळ मासे.

आमच्या गावाजवळून पूर्वी रेल्वेची छोटी लाईन जायची. मोठी लाईन झाली ती दुसरीकडून गेली आणि तलावाकाठचा तुकडा उरला. रूळ उचलून नेले. पुष्कळ वर्षे तिथे बेशरमाची झुडपे होती. मग सरकारने झुडपे काढली, सिमेंटच्या विटा बसवल्या, दिवे लावले, बाक ठेवले आणि पाटी लावली की ही वाट पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलसाठी आहे. गावातून गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजाराला जायला ही वाट जवळची आणि सपाट.

रुखमा जातीची ढीवर. तिच्या सासूच्या काळापासून या बाया माशांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन रुळाच्या कडेने बाजाराला जात. आम्ही पोवार, आमची धानाची शेती. तिची-माझी ओळख जन्माची, पण बोलणे माशापुरते. बोलणे वाढले ते माझ्या गुडघ्यांमुळे. गोंदियाच्या डॉक्टरने सांगितले की रोज चाला, नाहीतर खाटेवर पडाल. मी चालू लागले आणि रोज सकाळी रुखमा भेटू लागली.

सायकल ती म्हातारपणी शिकली. नातीला शाळेत मिळालेली सायकल, नात नर्सिंग शिकायला गेल्यावर घरी पडून होती. रुखमा भर दुपारी, वाटेवर कोणी नसताना, ती चालवायला शिकली. दोनदा तलावात गेली. मी विचारले, कशाला हा उपद्व्याप या वयात? ती म्हणाली, "मासा जित्ता पोचला पायजे. माह्या पायाची चाल आता माशाले पुरत नाही." मेलेली मरळ आमच्याकडे कोणी घेत नाही. गिऱ्हाईक डब्यात हात घालून बघते. डांबरी रस्त्याने गेले तर खड्ड्यांत पाणी सांडते, अंतर दुप्पट पडते आणि रेतीचे टिप्पर अंगावर येतात. एका टिप्परने तिला उडवलेच होते. तेव्हापासून तिचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. म्हणून तलावाची वाट.

चालायला येणाऱ्यांची एक समिती झाली. निवृत्त मास्तर, दुकानदार, दोन वकील. अध्यक्ष गोंदियाचे कापड दुकानदार, इथे बंगला बांधून राहिलेले, हिंदी बोलणारे. ते एक दिवस अर्ज घेऊन आले. माशांचा वास येतो, पाणी सांडून वाट निसरडी होते, तरी सामान लादलेल्या सायकली बंद कराव्यात, असे त्यात लिहिले होते. सामान लादलेल्या सायकली कोणाच्या, हे मला कळत होते. मी सही केली. चौथी शिकले आहे, वाचूनच केली. आदल्या दिवशी डब्याचे पाणी माझ्या पातळावर उडाले होते, त्याचा राग होता. खोटे कशाला सांगू?

महिन्याभरात वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक उभे राहिले. दोन जाड पाइप, मधून एक माणूस जाईल किंवा रिकामी सायकल जाईल एवढी जागा. डबे लावलेली सायकल अडकणारच.

पहिल्या सकाळी मी तिथेच होते. रुखमा उतरली. पाइपांमधली जागा तिने वितीने मोजली. ओरडली नाही, शिवी दिली नाही. एक डबा काढला, पलीकडे नेऊन ठेवला. परत आली, दुसरा नेला. मग सायकल नेली. मग वाकड्या हाताने एकेक डबा पुन्हा बांधला, दोरीची गाठ दोनदा तपासली. तोवर फाटकाच्या दोन्ही बाजूंना चालणारे खोळंबले होते. अध्यक्ष म्हणाले, "अम्मा, जल्दी करो. ये घूमने का रास्ता है."

"तुमीच त फाटक लावलं," रुखमा म्हणाली. "नियम तुमचा, टाइम माहा."

रोज हेच सुरू झाले, तेही बरोबर सगळ्यांच्या फिरण्याच्या वेळी. आठ दिवसांनी आणखी तीन ढीवर बाया डोक्यावरच्या टोपल्या घरी ठेवून घरच्या पुरुषांच्या सायकली घेऊन आल्या. चार सायकली, आठ डबे. वकील फाटकाला वळसा घालायला गेले आणि चिखलात बसले. कोणी हसले नाही. रुखमा म्हणाली, "उठा साहेब, हळू. तिथं निसरडं आहे."

समितीने तिला बोलावून सांगितले की फाटकाचा एक पाइप काढता येईल असा करून त्याला कुलूप बसवतो, चाबी तुला देतो, पण फक्त तुला, आणि आठ वाजल्यानंतर ये. तिने चाबी हातात घेतली नाही. आठनंतर ऊन चढते, डबा तापतो, मासा उलटा होऊन मरतो. पण ती उन्हाचे बोललीच नाही. म्हणाली, "चाबी मले देता, मंग या तिघी कशा येतीन? इथं आगगाडी चालत होती तवाबी आमी येत होतो. डायवर शिटी मारे, आमी बाजूले होवो, गाडी गेली का पुन्हा चालो. गाडीनं नाही अडवलं. तुमी कायले अडवून रायले?"

दुसऱ्या दिवशी फाटकाशी मी तिला अर्जाचे सांगितले. सही माझीही आहे म्हटले. ती दोरी सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे. पंचायतीत लागला होता, नात सुट्टीत आली तवा तिनं वाचून दाखवला."

"मग इतके दिवस काऊन बोलली नाहीस?"

"तुले लाज कवा येते, ते पाहून रायली होती."

मी डबा उचलायला वाकले. तिने माझा हात बाजूला केला. "डबा नोको उचलू, गुडघे जातीन. सही काढ."

मी तशीच अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले, अर्जाची प्रत मागितली आणि त्यांच्यासमोर माझ्या नावावर आडवी रेघ मारली. ते म्हणाले, असे करता येत नाही. मी म्हटले, केले. मग मास्तरांच्या बायकोने रेघ मारली, मग स्वतः मास्तरांनी. बाकीचे फाटकाशी थांबून थांबून कंटाळले होते. पावसाळ्याआधी एक पाइप कापला गेला. त्या दिवशी रुखमा थांबली नाही. बाजाराचा दिवस होता.

गेल्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला. चार दिवसांत गेली. तिघी बाया अजून त्याच वाटेने जातात.

तिच्या दिवसांनंतर अध्यक्ष मला भेटले. माणूस वाईट नाही. म्हणाले, अम्माच्या नावाचा एक बाक बसवू, छान पाटी लावू. मी म्हटले, ती त्या वाटेवर कधी बसली नाही. बाक नको, नळ बसवा. उन्हाळ्यात पाणी तापते, बायांना मध्येच डब्यातले पाणी बदलता आले पाहिजे.

"वहाँ बदबू आएगी," ते म्हणाले.

"येईल," मी म्हटले.

नळ अजून बसलेला नाही. अध्यक्ष रोज सकाळी साडेसहाला चालायला येतात. मीही त्याच वेळी येते, त्यांच्या बाजूने चालते आणि नळाचे विचारते. मला मागे टाकायला ते झपाझप पाय उचलतात. माझे गुडघे आता पुष्कळ बरे आहेत.