खून तरी माझा

ती घटना विसरून जावी, असा प्रयत्न मी करून पाहिला. निवृत्तीनंतर बाकीची प्रकरणं पुसट होत गेली, ही मात्र जशीच्या तशी उभी आहे. गुन्हा नाकारणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. आपला गुन्हा दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून भांडणारी एकच पाहिली.

मी तेव्हा निपाणी भागात सर्कल इन्स्पेक्टर होतो. माझं गाव बेळगावच्या उत्तरेला, भात आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात. तंबाखूशी आमचा संबंध पानपट्टीपुरता. निपाणीकडे बदली झाल्यावर पहिल्यांदा तंबाखूच्या वखारीत शिरलो तेव्हा शिंकांनी माझी टोपी खाली पडली. नाकातोंडावर पदर बांधून बसलेल्या बाया हसल्या. दिवसभर त्या तिथल्या धुळीत काम करतात, घरी जाऊन भाकरी थापतात आणि पुन्हा सकाळी येतात. सवय नसलेल्या माणसाचं मात्र तिथे काही खरं नाही. हे मी माझ्या नाकाने शिकलो.

बोरगावच्या बाजूला एक तंबाखू व्यापारी होता. राहतं घर पुढे, वखार मागे. गावच्या यात्रा कमिटीचा अध्यक्ष, शाळेच्या कमिटीवर, देवळाच्या कमिटीवर. जिथे खुर्ची आणि हार असेल तिथे तो असायचा. यात्रेच्या दिवशी दुपारी अख्खा गाव कुस्त्यांच्या मैदानात होता. विजेत्या पैलवानाला गदा द्यायची म्हणून लाउडस्पीकरवरून त्याच्या नावाचा पुकारा चालला होता. तो मात्र स्वतःच्या वखारीत, तंबाखूच्या बोदांमध्ये, म्हणजे गोणपाटात शिवलेल्या गठ्ठ्यांमध्ये, डोकं फुटून मरून पडला होता. दुसऱ्या दिवशी चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला. त्यावर एवढ्या पुढाऱ्यांचे फोटो होते, की मेलेला कोण हे शोधावं लागत होतं.

प्रेत पाहिलं ते बायकोने, असं सांगण्यात आलं. ‘सांगण्यात आलं’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. तिचा पहिला जबाब तिच्या दिराने सांगितला होता. ती शेजारी पदर घेऊन बसली होती, दीर बोलत होता, आमचा फौजदार लिहीत होता. आमच्याकडे विधवेचा जबाब असाच होतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

टीप मिळाली ती बसस्टँडजवळच्या हॉटेलवाल्याकडून. हा माणूस चहापेक्षा बातम्या जास्त उकळायचा. तो म्हणाला, “साहेब, मेहुणा आलता यात्रेला. बायकोचा भाऊ हो, तिकडं बेळगावजवळच्या कंग्राळीचा. दिवस मावळायच्या आधीच मोटरसायकल मारत गेला. यात्रेचं मटण सोडून कोण जातंय?” युक्तिवाद बिनतोड होता.

मेहुण्याला आणलं. चाळिशी ओलांडलेला, शेती करून बेळगावात कारखान्यात नोकरीला जाणारा, हातात घड्याळ, इस्त्रीचा शर्ट. मी बस म्हणालो, तर तो उभ्याउभ्याच म्हणाला, “मीच मारलंय साहेब. लोखंडी रॉड घातला आन् परत जाताना वेदगंगेत टाकला.”

“कशासाठी?”

“बहिणीला लई तरास दिला त्यानं.”

पुढच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं तयार होती. दुपारी जेवणानंतर वखारीत शिरलो, बोदांच्या आड लपून बसलो, तो एकटा आला तसा घाव घातला. नोकरीत एक गोष्ट पक्की समजली होती: खरा आरोपी आधी पाणी मागतो, मग वकील मागतो, मग देवाची शपथ घेतो. चहा यायच्या आत कबुली देणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. हा वेडा दिसत नव्हता.

वरिष्ठ साहेब मात्र खूश झाले. त्यांनी फोनवर सांगितलं, “वेल डन. संध्याकाळी पत्रकारांना बोलावतो. तुम्ही युनिफॉर्म इस्त्रीचा घाला.” आमच्या साहेबांना गुन्ह्यापेक्षा गुन्ह्याचा फोटो प्रिय होता. हस्तगत केलेल्या मालामागे उभं राहण्याची त्यांची एक ठरलेली पद्धत होती, डावा हात कमरेवर.

मी पंच घेतले, आरोपी घेतला आणि त्याला घटनास्थळ दाखवायला वखारीत नेलं. घरातली माणसं दारात जमली. दीर होता, दोन शेजारी होते, मागे ती होती.

“कुठं लपला होतास?” मी विचारलं.

“हितं,” म्हणून तो बोदांच्या रांगेमागे गेला आणि पहिली शिंक आली. मग दुसरी. मग मोजणं सोडून दिलं. बेड्या घातलेल्या हातांनी त्याला नाकही धरता येईना. हवालदाराने आपला रुमाल त्याच्या तोंडाला लावला, तर हवालदाराला धरूनच तो वाकला. डोळ्यांतून धारा लागल्या. शेवटी त्याला बाहेर ओढलं, तिथे भिंतीशी बसून तो ओकला. मैदानावरचा लाउडस्पीकरही त्याच्यापुढे हळू म्हणावा लागला असता, आणि हा म्हणे दुपारभर तिथे चिडीचूप बसला होता.

मी पंचांकडे पाहिलं. पंच दोघेही तंबाखूच्या गावचे. एकजण मिशीत हसून म्हणाला, “पाव्हण्याला तंबाखू लागतीया साहेब. ह्यो काय लपतोय.”

तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. दिराला बाजूला सारून ती पुढे आली होती.

“त्याला पाणी द्या साहेब. माझ्या लग्नातबी वखार बघायला म्हणून आत गेलता, दोन मिंटं टिकला न्हवता. मी मारलंय त्यास्नी.”

“गप गं,” भाऊ भिंतीशी बसून ओरडला. “साहेब, तिचं ऐकू नका. तिला काय कळतंय?”

ती भावाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. “ऐकलासा? ह्येच. माझं लगीन अण्णानं ठरवलं. मार खाऊन म्हायेरी गेले, तर दर बारीला परत सोडायचं बी अण्णानंच ठरवलं. मला काय कळतंय म्हणून. आता खूनबी अण्णाच घेऊन चाललाय. साहेब, खून तरी माझा राहू द्या.”

दीर म्हणाला, “वहिनी, घरात व्हा.”

“त्या घरात आता न्हाय,” ती म्हणाली आणि सरळ आमच्या जीपकडे चालू लागली.

मी साहेबांना फोन केला. ते वैतागले. “बायका दुःखात काहीही बोलतात हो. पुरुषाने कबुली दिलीय ना? मग? प्रेस नोट टाइप झालीय.”

“सर, पत्रकारांना चहा पाजा. आरोपी बदललाय.”

“असं कसं बदलेल?”

“प्रेस नोट परत टाइप करता येते सर. फाशी परत घेता येत नाही.”

साहेबांनी फोन ठेवला. पुढच्या बदलीत मला त्याचा प्रसाद मिळाला, पण ती वेगळी गोष्ट.

महिला कॉन्स्टेबलला बसवून मी तिची चौकशी केली. दिराला बाहेर ठेवलं. जबाब कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे कानडीत लिहायचा, ती सांगणार मराठीत. म्हणून प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर मी तिला ते मराठीत परत सांगत गेलो. ‘रागाच्या भरात हातून घडलं’ असं आमच्या रायटरने सवयीने लिहिलं, तर तिने अडवलं. “हातनं घडलं न्हाय. मी केलं. तसं लिवा.”

तिचं डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं. ते कसं मोडलं, हे तिने हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. पाठीवरचे डाग कॉन्स्टेबलने पाहिले आणि ती बाई बाहेर जाऊन तोंड धुऊन आली.

“पोलिसांत का नाही आलीस?” मी विचारलं.

“आलते की. तुमच्या आधीचं साहेब हुतं. लई चांगलं बोललं. चहा पाजला आन् नवऱ्याला फोन केला, घेऊन जावा म्हणून.”

मी पुढचा प्रश्न घेतला. यात्रेच्या दिवशी नेमकं काय झालं?

“त्यो फेटा बांधून निघाला हुता, गदा द्यायला. वखारीतनं कायतरी घ्यायचं हुतं. मी म्हणलं, आज अण्णा आलाय, त्याच्यासंगं जाते, परत येत न्हाय. त्यो हसला. म्हणला, जा की. तुझा अण्णाच आणून सोडतोय न्हवं. आन् पाठ फिरवली. खोटं बोलला असता तर सोडला असता. खरं बोलला.”

तंबाखू झोडपायचं जाड लाकूड जवळच होतं. भाऊ तिला शोधत परसात आला तेव्हा ती हौदावर हात धूत होती. काय झालंय ते त्याला कळलं. “तू गप बस, मी बघतो,” म्हणून तो मोटरसायकलवर बसून गेला. आयुष्यभर जे वाक्य तो तिला सांगत आला, तेच त्याने त्या दिवशीही सांगितलं.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात उभी राहत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तरच तिला अर्थ येतो. ते लाकूड कुठे आहे, मी विचारलं. पंचांसमोर ती वखारीत शिरली, सवयीने पदर नाकावर ओढला आणि सारख्याच दिसणाऱ्या बोदांच्या रांगेत एकावर हात ठेवला. शिवण उसवली. लाकूड आत होतं, रक्त वाळलेलं. यात्रेचा गोंगाट चालू असताना तिने तो बोद पुन्हा शिवला होता, आणि टाके इतके सरळ होते की त्या हातांची मला भीतीही वाटली. ती बिचारी नव्हती. तिला बिचारी ठरवणाऱ्यांचा मला आजही राग येतो, तिला नागीण म्हणून छापणाऱ्यांइतकाच.

दोषारोपपत्रात मी सगळं घातलं: मनगट, डाग, आमच्याच ठाण्यातला तो चहा. ठाण्याचा उल्लेख काढा, असा निरोप आला. मी तो लेखी मागितला. लेखी काही आलं नाही, उल्लेख राहिला. कोर्टाने खून धरला नाही, सदोष मनुष्यवध धरला. निकाल ऐकून तिने एवढंच विचारलं, शिक्षा कुणाच्या नावावर आहे. वकील म्हणाले, तुझ्याच. तिने मान हलवली.

निवृत्त झाल्यावर सत्कारात लोक मला विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं. शाल अंगावर असताना खरं बोलणं कठीण जातं, म्हणून इथे लिहितो. आपण बाईला सगळं देऊ करतो: आसरा, समजूत, दया, प्रसंगी तिच्यासाठी तुरुंगात जाणारा भाऊसुद्धा. फक्त तिचं वाक्य तिला पुरं करू देत नाही. ते मधेच तोडलं की ती ते दुसऱ्या कशाने तरी पुरं करते, आणि मग आपण पंच घेऊन जातो. तिने केलं तो गुन्हाच होता. तो सिद्ध करण्यात मी कसूर केली नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. तिलाही नव्हता.

सुटल्यावर ती निपाणीत एका वखारीत कामाला लागली. वखारीला लागूनच खोली घेतली. भाऊ मला बेळगावात बाजारात भेटतो, तो सांगतो. दर नागपंचमीला तो तिला माहेरी न्यायला जातो. तिच्या दारात पोचायच्या आधीच त्याला शिंका सुरू होतात, हाक मारावी लागत नाही.

“आतनं म्हणते, आलास व्हय अण्णा? थांब भाईर. यायचं का न्हाय, बघते.”

“मग येते?” मी विचारलं.

“कधी येते. कधी न्हाय येत.” त्याने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मी थांबतोय, साहेब.”