झोपेची साक्ष

मला झोपायला शिकवलं गेलं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. हसायचं असेल तर हसून घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावी नगर परिषदेच्या फायर स्टेशनात मी फायरमन म्हणून लागलो, तेव्हा पाइप गुंडाळायच्या आधी, शिडी चढायच्या आधी मला झोप शिकवली. शिकवणारे होते बंबाचे ड्रायव्हर. वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून आम्ही सगळेच त्यांना काका म्हणायचो. एप्रिलचं ऊन, दुपारचे दोन, पत्र्याच्या शेडला लागून असलेली खोली आणि कुलरची घरघर. काका म्हणाले, "पड बे खाटेवर. उजव्या कुशीवर. डावा कान वर ठेवजो." मी पडलो, आणि ते माझा डोळा लागायची वाट पाहत बाहेर जाऊन बसले.

डोळा लागला की बाहेर आवाज सुरू व्हायचे. काका बादली आपटायचे, चप्पल घासायचे, फाटक करकरवायचे. मी दचकून उठलो की खिडकीतून ओरडायचे, "कायले उठला बे? बादलीले आग लागली का?" आणि स्टेशनातला आगीचा फोन वाजला तरी मी पडूनच राहिलो तर तांब्याभर पाणी थेट तोंडावर. बाकी साऱ्या आवाजांना झोपून राहायचं आणि एकाच आवाजाला उठायचं. हे अंगी यायला मला दीड महिना लागला. गमबुटात पँटीचे पाय आधीच उतरवून ठेवायचे, म्हणजे उठलं की पाय सरळ दोन्हींत. "जागा राह्यणारा फायरमन दुसऱ्या दिवशी शिडीवरून पडते," काका सांगायचे. "झोप सारी घेजो, फक्त कान बाहेर ठेवजो."

त्या झोपेचं काय सांगू तुम्हाला! ती झोप गोड असायची, खोटं कशाला बोलू. पण तिला तळ नसायचा. मी आत उतरत जायचो, उतरत जायचो, आणि कुठंतरी अधांतरीच थांबायचो. एक स्वप्न मला नेहमी पडायचं. जिनिंगच्या आवारात कापसाची पांढरीशुभ्र गंजी आहे, मी तिच्यावरून अनवाणी चालतो आहे, पाय मऊ मऊ आत जाताहेत. पलीकडच्या टोकाला कोणीतरी बाई उभी आहे, तिची पाठ माझ्याकडे. आई असावी असं वाटायचं, पण ती वळायची नाही. ती आता वळणार, असं व्हायचं आणि फोन वाजायचा. जागा व्हायचो तेव्हा मी बुटात उभा असायचो आणि बंब सुरू झालेला असायचा. इतक्या वर्षांत मी त्या गंजीच्या पलीकडं एकदाही पोचलो नाही.

तर भांडण या झोपेवरूनच झालं. आमची पाळी चोवीस तासांची. नगर परिषद पगार धरायची आठ तासांचा. बाकीचे सोळा तास म्हणे आराम! आम्ही युनियन केली, काकांना अध्यक्ष केलं, मागणी टाकली की स्टेशनात घालवलेला प्रत्येक तास कामाचा धरा. दोन वर्षं नुसत्या बैठका झाल्या. साहेब लोक चहा पाजायचे, बिस्किटाची बशी पुढं सरकवायचे आणि "पाहू, पाहू" म्हणायचे. त्या बशीतली बिस्किटंही मऊ पडलेली असायची, इतकं डोकं सणकायचं ना माझं! संप करा म्हणणारे खूप भेटले. अहो, आम्ही संप करायचा आणि कोणाच्या तरी कुटाराच्या, गुरांच्या चाऱ्याच्या ढिगाला आग लागायची, मग? काळ्या फिती लावून आम्ही आगी विझवल्या. शेवटी दोन्ही बाजूंनी एक निवृत्त न्यायाधीश लवाद म्हणून कबूल केले. ते लिहितील त्यावर दोन्ही बाजूंनी सह्या केल्या की ते लागू, असं ठरलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. काका त्या वर्षी रिटायर होणार होते. मागणी मान्य झाली तरी तिचा फायदा व्हायचा तो आम्हा मागच्यांना. काकांच्या हाती त्यातलं काही पडणार नव्हतं, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी प्रत्येक बैठकीला धुतलेला पांढरा शर्ट घालून तेच पुढं.

साक्षीसाठी आम्हाला वर्ध्याला बोलावलं. साक्षीदार दोनच, काका आणि मी. सकाळच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. बाहेर उन्हानं सगळं विरघळल्यासारखं दिसत होतं, पऱ्हाटीची काळी रिकामी वावरं, पळसाची झाडं, लांबवर रस्त्यावर पाणी साचल्याचा भास. काका हळूच म्हणाले, "तिथी झोपतो म्हणून सांगजो नको. आमी चोवीस घंटे जागे राह्यतो, असं सांगाचं. झोपतो म्हटलं की गेली केस."

"पण काका, झोपतो तर आपण."

"मले सांगते का तू? तुले कोनं शिकवलं?" ते जरासे हसले. खूप वेळानं म्हणाले, "तू बी हेच सांगशील ना?"

मी म्हणालो, "हौ काका."

दर रविवारी विहारात जाऊन पंचशील घेणारा हा माणूस. आम्ही दोघं एकाच वस्तीतले. लहानपणी मी त्यांच्यामागं बसून चौथं शील म्हटलेलं आहे, खोटं न बोलण्याचं. खिडकीच्या दांडीवरचा त्यांचा हात मला त्या दिवशी नीट दिसत होता. बोटं दांडीवर हळूहळू वाजत होती.

वरच्या मजल्यावरची ती खोली मला अजून स्वप्नासारखी आठवते. मोठा कुलर, ओल्या वाळ्याचा वास, अर्धे उघडे पडदे, उन्हाची एक पिवळी पट्टी टेबलावरून सरकत चाललेली. लवाद साहेब बारीक अंगाचे, थर्मासमधून कोमट पाणी प्यायचे. दुपारी जेवणं झाल्यावर झोपेचा विषय सुरू झाला आणि खोलीतली निम्मी माणसं पेंगायला लागली. टंकलेखक मान टाकायचा आणि सावरायचा. नगर परिषदेच्या वकिलांनी एवढी मोठी जांभई दिली की मला त्यांच्या दाढा दिसल्या. बाप्पा, जागे होते ते आम्ही दोघंच!

काका उभे राहिले, शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, "पाळीत तुम्ही झोपता का?"

"नाई साहेब. आमी झोपत नाई."

वकिलांनी एक फोटो पुढं केला. आमची खोली, ओळीनं खाटा. "मग या मच्छरदाण्या कोणासाठी आहेत? बंबाला डास चावतात का?"

खोली हसली. पेंगणारेही जागे होऊन हसले. काकांचे कान लाल झाले. "आराम करतो साहेब. झोपत नाई," ते पुन्हा म्हणाले. वकील म्हणाले, "शपथेवर बोलताय. वयाचा तरी मान ठेवा." काका खाली मान घालून माझ्या शेजारी येऊन बसले. शर्टाची पाठ घामानं भिजली होती.

मग मी. वकिलांनी तोच प्रश्न विचारला, पण ओठांत हसू ठेवून. "आणि तुम्ही? तुम्हीही त्यांच्यासारखेच फुकट घोरता, की जागेच असता?"

लोक आजही मला म्हणतात, तू खरं बोललास, हिंमत केलीस. कसली हिंमत हो! मला राग आला. त्या हसण्याचा आला, आणि काकांच्या भिजलेल्या पाठीचा आला. तोंडातून निघून गेलं, "झोपतो! हौ, झोपतो! मला झोपणं शिकवलं आहे. दीड महिना शिकवलं आहे. तुम्हाला येते का तशी झोप? या, एक दिवस झोपून दाखवा!"

लवाद साहेबांनी थर्मास बाजूला ठेवला. "वकीलसाहेब, थांबा जरा," म्हणाले. मग मला म्हणाले, "शिकवलं म्हणजे कसं, सांगा."

आणि मी सांगत गेलो. उजवी कूस, डावा कान, बादली, फाटक, तांब्याभर पाणी, बुटात उतरवलेली पँट. बोलता बोलता माझा राग कुठं गेला ते कळलंच नाही. आवाज आपोआप हळू झाला. कुलर घरघरत होता, उन्हाची पट्टी माझ्या हातावर आली होती, आणि मी त्या परक्या माणसांना माझी कापसाची गंजी सांगत होतो, पाठमोरी बाई सांगत होतो. घरीही मी तसाच झोपतो, शेजारी मूल रडलं तर उठत नाही आणि दुसऱ्याच्या घरचा फोन वाजला की उभा राहतो, हेही सांगितलं. कोणी हसलं नाही. टंकलेखकाची बोटं थांबली होती.

"कोणी शिकवलं हे?" साहेबांनी विचारलं.

मी बोट केलं. समोरच तर बसले होते. "काकांनी," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला कळलं की मी काय केलं.

परतीच्या एसटीत काका पुढं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. मी मागं. त्यानंतर दोन महिने त्यांनी माझ्याशी कामाखेरीज शब्द काढला नाही. "पाइप दे." "मागं घे." "पाणी बंद." हिंगणीकडं जंगलाच्या कडेला वणवा लागला तेव्हा आम्ही दोघं पहाटेपर्यंत खांद्याला खांदा लावून होतो, राखेत बसून एकाच बाटलीतलं पाणी प्यायलो. तिथंही बोलले नाहीत. मला भांडायचं होतं त्यांच्याशी. शिव्या द्या म्हणावं, एक थापड मारा म्हणावं, पण बोला. दुपारी खाटेवर पडलो की मला झोप यायची नाही, आणि बाजूच्या खाटेवर तेही जागेच आहेत, हे श्वासावरून कळायचं.

त्यांच्या रिटायरमेंटला आठवडा राहिला असताना निवाडा आला. नगर परिषदेचा बाबू दोन प्रती घेऊन संध्याकाळी स्टेशनात आला. युनियनच्या अध्यक्षांनी पानापानावर सही केली तर निवाडा लागू, नाही तर पुन्हा सगळं वर कोर्टात, असं त्यानं सांगितलं. आम्ही सगळे बंबाशेजारी उभे राहिलो. काकांनी कागद माझ्या हातात दिले. "माहा चष्मा घरी राह्यला. तू वाच."

चष्म्याच्या घराचं टोक मला त्यांच्या खिशातून दिसत होतं.

मी वाचलं. जी झोप माणसाला शिकवावी लागते आणि जिच्यावर त्याचा हक्क नसतो, ती त्याचा आराम म्हणता येणार नाही, असं लिहिलं होतं. सोळा तासांपैकी निम्मे कामाचे धरले होते, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. पोट्ट्यांनी बंबाच्या टपावर थापा मारल्या, एकानं घंटाच वाजवली. मी भराभर पुढं वाचत गेलो, मधलं एक पान उलटून.

"एक पान राह्यलं बे," काका म्हणाले.

"काही नाही काका, साक्षीचं आहे नुसतं."

"माह्यंच हाये ना? वाच."

मी वाचलं. साक्षीदार क्रमांक दोन यांच्या सांगण्यावर हा निवाडा उभा आहे. साक्षीदार क्रमांक एक, युनियनचे अध्यक्ष, हे शपथेवर खोटे बोलले, असे खेदाने नमूद करावे लागते.

थापा थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "काका, नका करू सही. हे पान बदलून मागू." बाबूनं मान हलवली, बदलून मिळत नाही म्हणाला.

काका माझ्याकडं पाहत होते. दोन महिन्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं त्यांनी. "तुले खरंच सांगाचं होतं, तं मले एसटीत काऊन नाई सांगतलं?" ते म्हणाले. रागावून नाही, अगदी हळू. "मी बी खरंच सांगतलं असतं ना बे."

मी ठरवलेलं नव्हतं, मला राग आला होता, असं सांगता आलं असतं. पण मला रडू आलं, सगळ्यांसमोर.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, बंबाच्या पायरीवर कागद ठेवले आणि सह्या करायला लागले. पहिल्या पानावर, दुसऱ्या पानावर भरभर. त्या पानाशी थांबले. ओठ हलवत स्वतः एकदा वाचलं. मग नेहमीची छोटी सही न करता तिथं आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश.

"बाबू," त्यांनी वर पाहून विचारलं, "इथी तारीख टाकाची का?"