मित्सुए-सानची कोठडी

...आणि दार उघडलं की संपलंच! चौकटीत खटका बसवलेला. दार नुसतं किलकिलं झालं तरी आतली वीज तुटायची आणि दिवसभराची चाचणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तर मित्सुए-सान सकाळचा चहा घोटभरच घ्यायच्या.

कावागुचीतला एबिहारांचा तो कारखाना. कारखाना कसला, तांदळाच्या दुकानामागची लांबट शेड! तिथे हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज पुरवणाऱ्या पेट्या बनत. हेडफोनही साधे नव्हेत. त्यांत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा, त्या पडद्यावर पाचशेऐंशी व्होल्ट, आणि त्याला हलवायला आणखी शेकडो. पेटीतली वीज जरा थरथरली की कानात 'घूंऽऽ' आलंच. तेही पेटी चांगली तापल्यावर, दुपार कलल्यावर. म्हणून हेडफोन लावून कोणीतरी सकाळपासून त्या बिनखिडकीच्या कोठडीत बसायचं. संध्याकाळी गावाच्या भोंग्यावर गाणं वाजलं की बाहेर येऊन सगळ्यांसमोर दोनच शब्द म्हणायचे, "शांत आहे." त्याशिवाय पेटी शेडबाहेर जात नसे.

मित्सुए-सान आत बसल्या त्या विशीत, तिथे आधी बसणाऱ्या काकांची पाठ बरी होईपर्यंत म्हणून. पाठ बरी झाली, काका मजेत मासे धरायला जाऊ लागले, कोठडीकडे मात्र फिरकले नाहीत. "कान तयार व्हायला वर्षं लागतात," असं सांगून त्यांनी पुतणीला आत ठेवलं ते ठेवलंच.

उघड्या पेटीत उजवा हात घालताना डावा खिशात ठेवायचा, हा तिथला पहिला धडा. दोन्ही हात आत गेले तर वीज छातीतून वाट काढते. मित्सुए-सानच्या प्रत्येक एप्रनचा डावा खिसा आधी फाटायचा. हाताला अशी खोड लागली की भाजीबाजारातही तो खिशातच. मेहुण्याच्या अंत्यविधीला सगळे हात जोडून उभे, आणि ह्यांचा एकटा उजवा छातीशी! शेवटी धाकट्या बहिणीनं, खुद्द चिझुएनं, रडता रडता कोपरानं ढोसलं, "ताई, दुसरा काढ! त्यांना आता काय शॉक बसणार आहे?"

ही चिझुए साडो बेटावर पर्सिमनची बाग राखून एकटी राहायची. दर वर्षी म्हणायची, ये. दर वर्षी एबिहारा म्हणायचे, "एवढी पेट्यांची खेप बाहेर पडू दे, मित्सुए-सान." यंदा मात्र तिनं फोनवर निक्षून सांगितलं, "तुझ्या खोलीत नवी तातामी चटई घातलीय. फळं पिकायच्या आत आलीस तर खोली तुझी. नाही तर भाडेकरू ठेवते. मलाही रिकामं घर खायला उठतं गं."

ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा नोझावा तोंडाचा फटकळ. त्यानं जेवणाच्या वेळी मालकांना सगळ्यांदेखत धरलं. "तुमची ती एवढीशी खेप माझं लग्न व्हायच्या आधीपासून चाललीय, मालक."

एबिहारांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "ही खेप शेवटची. हिच्यातली शेवटची पेटी शांत झाली की स्टेशनापर्यंत बॅग मी स्वतः उचलीन."

बाकीच्या पेट्या झाल्या, बांधून फळीवर गेल्या. शेवटची राहिली, आणि नेमकी तीच घुमायला लागली!

मित्सुए-साननी कपॅसिटर बदलले. तारा दूर केल्या. जमिनीला जोडलेली वायर नवी घातली. घूं तशीच. मग नोझावाला ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळायला लावला.

"माझ्या ट्रान्सफॉर्मरला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं," तो फुरंगटला.

"मग त्याला घुमायला कोणी शिकवलं?"

"जायचं नसेल तर सरळ सांगा ना. माझं गुंडाळलेलं कशाला सोडवता?"

मालकांनी एकदा हेडफोन लावला. "मला तर काही ऐकू येत नाही. पण माझे कान म्हातारे."

तिकडे बागेत फळं केशरी व्हायला लागली, असा चिझुएचा निरोप आला. इकडे मित्सुए-सान रोज सकाळी घोटभर चहा घेऊन आत जात आणि संध्याकाळी मान हलवत बाहेर येत.

एका दुपारी त्यांनी आतल्या आत प्लगच काढला. दिवा विझला, मीटरचा काटा खाली आला. घूं चालूच. त्या मुळीच घाबरल्या नाहीत. वीज गेल्यावरही त्या पडद्यावर थोडा भार रेंगाळतो, हे त्यांना पाठ होतं. डावा हात खिशात घालून त्यांनी तार लावलेल्या काठीनं पेटीतला भार जमिनीत उतरवला आणि ओसरायची वाट पाहत बसल्या. बराच वेळ बसल्या. एवढा वेळ कुठला भार टिकतो? मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

घूंऽऽ.

पेटी चांगली होती, ह्यात आता शंका नव्हती. बाहेर जाऊन नेहमीचे दोन शब्द म्हटले तर कोणाला काय कळणार होतं? बॅग भरलेली होती. पण ही घूं आली कधी? फळीवरच्या पेट्या शांत म्हटल्या तेव्हा त्या शांतच होत्या, की कानात हिची कुजबुज आधीच सुरू झाली होती आणि तिच्याखाली पेटीची खरी घूं दबून गेली होती?

भोंग्यावर गाणं वाजायच्या आतच कोठडीचं दार उघडलं. नोझावाचे हात थांबले. एबिहारा जागचे उठले.

"काय, मित्सुए-सान? शांत आहे?"

"पेटी शांत आहे, मालक. घूं माझ्या कानात आहे, आणि कधीपासून आहे ते मला ठाऊक नाही. फळीवरच्या सगळ्या पेट्या पुन्हा उघडून तपासायच्या. नोझावा-सान, हेडफोन घ्या आणि उद्यापासून आत बसा, चहा घोटभरच प्या. तुमचे कान तयार होईपर्यंत दाराबाहेर मी आहेच. चिझुएला कळवते, भाडेकरू ठेव म्हणून."