ट्रंक आत्याने निवडलेलं हॉटेल

ट्रंक आत्या एका खुर्चीवर पाच मिनिटांपेक्षा जास्त कधी बसली नाही. घरी पाहुणे आले की ती आधी दाराशी बसायची, मग उठून खिडकीजवळ जायची, आणि शेवटी पाहुण्यांच्या अगदी उजव्या हाताला येऊन टेकायची. तिथूनही कोणी नवीन माणूस बोलायला लागला की ही पुन्हा उठली. आई म्हणायची, "वन्सं, पायाले भिंगरी बांधली काय तुमच्या?" आत्या हसायची आणि आणखी एकदा जागा बदलायची. बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "शालू, बस ना एका जागी" म्हणायचे. त्यांचं ते वाक्य आणि आत्याची ती येरझार यांची आम्हाला इतकी सवय झाली होती की कारण विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक बोर्डावर होती. त्या काळी परगावी फोन लावायचा म्हणजे आधी नंबर नोंदवायचा आणि मग तासन्‌तास वाट पाहायची. मध्ये बसून तो जोडून देणाऱ्या बायांपैकी ती एक. लांबच्या माणसांशी ओरडून बोलायची सवय घरातही सुटायची नाही, म्हणून सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत ती ट्रंक आत्या झाली. लग्न तिने केलं नाही. नोकरीवर मात्र तिचा जीव होता. "बोर्डावर बसली की कलकत्ता इकडं, मुंबई तिकडं," दोन्ही हात पसरून ती सांगायची, "आन मधात मी."

तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डावाही उतरत चालला आहे, हे मला कळलं ते माझ्याच नापास होण्यामुळे. बी.ए.च्या पहिल्या वर्षी अर्थशास्त्रात माझी दांडी गुल झाली. बाबांना सांगायच्या आधी सराव म्हणून मी तांदूळ निवडत बसलेल्या आत्याच्या उजवीकडे बसले आणि हळूच म्हणाले, "आत्या, मी नापास झाले." ती खडे काढत म्हणाली, "बरं झालं." मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, "बरं झालं बाई, सुटली एकदाची." मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. तेव्हा तिच्या डोळ्यांत जी भीती दिसली तशी मी नंतर फार थोड्या माणसांच्या डोळ्यांत पाहिली. "घरात सांगशील तं याद राख," ती म्हणाली. "ऑफिसात समजलं तं बोर्ड गेला माझा." त्या दिवसापासून मीही तिच्यासारखीच सारखी जागा बदलू लागले. कोणी तिच्या उजवीकडे बसायला निघालं की मी आधीच तिथे जाऊन बसायचे.

ऐकू न येण्यावर तिने तोड काढली होती. समोरच्याच्या ओठांकडे पाहायचं, आणि स्वतःच बोलत राहायचं. "आपणच विचारत राहायचं वं," ती मला शिकवायची. "मंग आपल्याले कोणी विचारत नाही." तुमची मुलगी काय करते, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, यंदा पापड कोणते केले, असे प्रश्न ती एकामागून एक सोडायची आणि माणूस उत्तरं देताना दमून जायचा. बोर्डावर मात्र ओठ दिसत नसत. शेजारची मैत्रीण आकडे कागदावर लिहून तिच्याकडे सरकवायची, म्हणून निभत होतं. मग नव्या सुपरवायझर बाई आल्या. त्या पुण्याकडच्या, शिस्तीच्या आणि अतिशय हळू बोलणाऱ्या. आत्याच्या मागे उभं राहून त्या काहीतरी विचारायच्या आणि ती वळली नाही की नुसत्या बघत राहायच्या.

मला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती त्या मे महिन्यात आत्याने घरात जाहीर केलं, की पोरीचा वाढदिवस हॉटेलात करायचा, सगळं तिच्याकडून, आणि बाईंनाही बोलवायचं. बाबा म्हणाले, "वाढदिवस पोरीचा आन पाहुणी तुझ्या ऑफिसची?" आत्याने विषय बदलला. मला तिने गच्चीवर नेऊन खरं ते सांगितलं. बाईंचा संशय घालवायचा तर एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक गोष्टीला चटकन उत्तर द्यायचं. एकदा त्यांची खात्री पटली की रिटायर होईपर्यंत चिंता नाही. "फक्त हॉटेल गजबजलेलं पाहिजे," ती म्हणाली. "गोंगाटात मले सारं ऐकू येते." माझा विश्वास बसला नाही. पुढे कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की तसल्या बहिरेपणात असं होतं. गोंगाटात समोरचा आपोआप आवाज चढवतो, आणि तो गोंगाट हिला मुळी फारसा ऐकूच येत नाही.

मग आठ दिवस आम्ही नागपूर पालथं घातलं. उन्हं कलली की आत्या पदर खोचून दारात उभी. हॉटेलात शिरायचं, दोन लस्सी मागवायच्या, आत्याने डोळे मिटायचे आणि मी साध्या आवाजात एक वाक्य बोलायचं. तिने ते परत म्हणून दाखवलं तर हॉटेल पास. सदर भागात गालिचे आणि पांढरे टेबलक्लॉथ असलेलं एक होतं, तिथे वेटरसुद्धा कुजबुजल्यासारखे बोलत. मी म्हणाले, "आत्या, किती छान आहे हे." तिने डोळे उघडून "काय?" विचारलं आणि लस्सी अर्धी टाकून आम्ही उठलो. धरमपेठेतल्या एका ठिकाणी सगळी कुटुंबं खाली माना घालून जेवत होती. ते नापास. आणखी एका ठिकाणी बाजा-पेटी घेऊन गाणारे होते. तिथे मलाच माझं ऐकू येईना.

मला ते सदरचंच हवं होतं. माझ्या मैत्रिणींपैकी कोणी तिथे गेलं नव्हतं, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझा वाढदिवस घराबाहेर होत होता. पाचव्या हॉटेलातून बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत बाहेर पडताना मी वैतागून तिच्या उजव्या बाजूला पुटपुटले, "वाढदिवस माझा आहे की तुझ्या कानाचा?" ती थांबली. "काय म्हणलं?" मी म्हणाले, "काही नाही, उकडतंय." हे आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो.

बर्डीवरच माडीवर एक हॉटेल सापडलं. कपाटाएवढे दोन कूलर घोंघावत होते. संगमरवरी टेबलांवर कॉलेजची पोरं हात आपटून वाद घालत होती, आणि वेटर जिन्यातून खाली ऑर्डरी ओरडत होते. आत्याने डोळे मिटले. मी म्हणाले, "इथे ऐकू येतंय का?" ती डोळे न उघडता म्हणाली, "तुया घशात खरखर आहे. ती लस्सी ठेव खाली." आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरची पोरं वाद थांबवून आमच्याकडे बघू लागली.

वाढदिवसाच्या संध्याकाळी सात वाजता आम्ही पाच जण तिथे बसलो. बाईंना आत्याने आपल्या डाव्या हाताला बसवलं, मी उजवीकडे. बाई काही विचारत, तेव्हा मी घास हातात धरून आत्याकडे बघत राही. पण तिने एकही प्रश्न सोडला नाही. बोर्डावरचे किस्से सांगितले, बाईंची थट्टा केली, त्यांना भरल्या वांग्याची नागपुरी तऱ्हा समजावून दिली. कधी नव्हे ते बाई मोकळ्या हसल्या. आईचं लक्ष होतंच. "आज वन्सं चक्क तासभर एका जागी बसल्या," ती म्हणाली. जेवणं झाली. आई-बाबा हात धुवायला मागे गेले, आणि लाइट गेली.

दोन्ही कूलर कण्हत कण्हत थांबले. नागपुरात लाइट काय पहिल्यांदा जात होती? पण हॉटेल निवडताना आम्हा दोघींपैकी एकीच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. काळोखात पोरंसुद्धा क्षणभर गप्प झाली. त्या शांततेत बाईंचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू. "शालिनी, सोमवारी तुझ्या कानांची तपासणी आहे. कागद वर गेलाय. त्याच्या आधी तू स्वतःच बदलीचा अर्ज दे, म्हणजे मला तुझ्याविरुद्ध काही लिहावं लागणार नाही. ऐकतेस ना?"

आत्याला त्यांचे ओठ दिसत नव्हते. ती आनंदात म्हणाली, "बाई, लस्सी मागवू काय? इथली लस्सी फार मस्त आहे."

वेटरने मेणबत्ती आणून ठेवली तेव्हा बाई ताटाकडे बघत होत्या आणि आत्याचा चेहरा फुलला होता. टेबलाखाली तिने माझा हात दाबला आणि तिच्या मते अगदी कानात, पण चांगलं मोठ्याने म्हणाली, "झालो वं पास." बाईंनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सांगायचं काम आता माझ्यावर आलं हे मला कळलं.

घरी जाताना आई-बाबा पुढच्या रिक्षात आणि आम्ही दोघी मागच्या. लाइट आली होती. ती अखंड बोलत होती. बाई कशा हसल्या, वांगं कसं आवडलं, पुढच्या वर्षी पुन्हा इथंच. मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, बाईंच्याच शब्दांत. सायकलरिक्षावाला उतरून चढावर रिक्षा ओढत होता. चढ संपल्यावर तिने विचारलं,

"कवा सांगितलं तिनं?"

"लाइट गेली तेव्हा."

"अंधारात काहून सांगितलं वं? उजेडात सांगितलं असतं तं मी ओठावरून ओळखलं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिले माझं तोंड पाहायचं नसन."

सोमवारी सकाळी तिने स्वतः अर्ज दिला. बोर्डावरून ती फायलींच्या खोलीत गेली आणि तिथूनच रिटायर झाली. त्या खोलीत फोन नव्हता. बाईंवर ती कधी रागावली नाही, मी मात्र बरीच वर्षं रागावलेली होते. कानाचं यंत्र आलं, तेही पुढे निकामी झालं. तोवर माझं लग्न झालं होतं आणि मी प्रताप नगरला राहत होते.

बाबा गेले ते दवाखान्यात, पहाटे. आत्याला सांगायला मला सक्करदऱ्याच्या घरी पाठवलं. ती खाटेवर बसून होती, खिडकी बंद, खोलीत अंधूक. पाणी आणायच्या निमित्ताने आत जावं आणि तिथूनच सांगून टाकावं, असं फार वाटलं. तिला ते ऐकू गेलं नसतं आणि माझं सांगून झालं असतं. मी खिडकी उघडली. उन्हाचा पट्टा माझ्या तोंडावर येईल अशी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, आणि सावकाश म्हणाले, "आत्या, बाबा गेले." ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, सगळं तिच्यापर्यंत पोचेपर्यंत.