पाठीवर घेण्याआधी

माझी छाती पहिल्यांदा धडधडली ती हडपसरच्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, सकाळी सव्वानऊला. स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि हात हँडलवरून सुटेनाच. लिफ्ट वीस पावलांवर होती, पण पाय उचलेना. हार्ट अटॅक आला असं समजून मी रिक्षा केली आणि दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टरांनी कागद बघत कामाचा ताण आहे का विचारलं. मी नाही म्हटलं. "मग ऑफिसच्या वेळेत इथे फिरायला आलात का?" असं विचारून त्यांनी समुपदेशकाच्या नावाची चिठ्ठी हातात ठेवली. ती मी पर्समध्ये टाकली आणि साडेअकराला ऑफिसात हजर झाले.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ जणांची टीम सांभाळते. माझे वडील मार्केट यार्डात पस्तीस वर्षं हमाल होते. पोती वाहून त्यांनी मला इंजिनिअर केलं, हे मी कधी लपवलं नाही. उलट नवी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला सांगून टाकते. पण या अभिमानानेच माझा घात केला. शंभर किलो पाठीवर घेणाऱ्याची मुलगी खुर्चीत बसून 'झेपत नाही' म्हणणार? छे. एक सहकारी नोकरी सोडून गेला, त्याचं काम मी घेतलं. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिचंही घेतलं. कंपनीने ताणतणावावर कार्यशाळा ठेवली, तीही शनिवारी आणि सक्तीची. डोळे मिटून समुद्रकिनारा आठवा म्हणाले. मला न वाचलेले मेल आठवले.

मग पार्किंगमधली ती धडधड रोजची झाली. मी घरून वीस मिनिटं लवकर निघायला लागले, म्हणजे घाबरायला वेळ मिळेल. आता या व्यवस्थितपणाचं हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. एका बुधवारी वरिष्ठांनी सांगितलं की हातातल्या दोन प्रोजेक्टांशिवाय सोमवारपासून एका हॉस्पिटलचं तिसरं प्रोजेक्टही माझ्याकडे येईल. मी मान डोलावली आणि जागेवर येऊन राजीनामा टाइप केला. जी नोकरी मी अभिमानाने मिरवत आले, ती सोडणं मला सोपं वाटत होतं आणि नको म्हणणं अवघड.

रविवारी वडिलांना घेऊन मार्केट यार्डात गेले. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी गहू त्यांना तिथलाच लागतो. मॉलमधल्या पिशवीवर त्यांचा विश्वास नाही. एका गाळ्यासमोर ट्रक रिकामा होत होता. एक वयस्कर हमाल गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. दोघांनी पोतं उचलून त्याच्या पाठीवर आणलं होतं, पण सोडलं नव्हतं. तो पाय नीट रोवत होता, मग खांद्यावरचं फडकं सारखं करत होता. मागून दिवाणजी घाई करा म्हणून ओरडत होता. त्या दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या, तरी ते पोतं धरून उभे. शेवटी खालचा म्हणाला, "सोड." तेव्हा त्यांनी सोडलं.

लहानपणी मी वडिलांचा डबा घेऊन यायचे तेव्हा हे शंभरदा पाहिलं होतं. त्या दिवशी प्रथमच वडिलांना विचारलं, हे दोघं एवढा वेळ का धरून ठेवतात? माणसं कशाला जेवतात असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्यो सोड म्हनत न्हाई तवर सोडायचं न्हाई. मालक वरडला तरी. पाठ त्याची हाय."

आणि तो नको म्हणाला तर?

"मग खाली ठिवायचं. पानी प्यायचं, परत उचलायचं."

तुम्ही कधी म्हणालात का नको, असं मी विचारलं, तर ते हसले. "लई येळा म्हनलोय. म्हनून तर पस्तीस वर्सं टिकलो."

मी तिथेच, गव्हाच्या दुकानासमोर रडायला लागले. जन्मभर ज्या माणसाला मी कधीही नको न म्हणणारा समजत आले, तो हे सांगत होता. मग मी सगळं बोलून टाकलं: पार्किंग, धडधड, टाइप करून ठेवलेला राजीनामा. त्यांनी समजूत घातली नाही. माझ्यावर काम टाकताना कुणी विचारलं होतं का, एवढंच विचारलं. नाही म्हटलं. मी काही बोलले होते का, हेही विचारलं. तेही नाहीच होतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या प्रोजेक्टचा विषय निघाला, तेव्हा मी म्हटलं, "थांबा. हे मी अजून घेतलेलं नाही." टेबलाखाली मी स्वतःचा गुडघा घट्ट धरला होता. दोन प्रोजेक्ट मी नीट नेईन, तिसरं हवं असेल तर त्यातलं एक उतरवा किंवा दोन माणसं द्या, असं सांगितलं. तोंड उघडलंच होतं म्हणून पार्किंगचंही सांगितलं. नंतर बोलू, असं म्हणून वरिष्ठांनी विषय बदलला. ते प्रोजेक्ट दुसऱ्याला गेलं आणि त्या वर्षीची बढतीही. त्याचा राग आला होता, थोडा अजूनही आहे. पण राजीनामा मी पुसून टाकला आणि पर्समधली चुरगळलेली चिठ्ठी घेऊन समुपदेशकाकडे गेले. बरेच महिने जात राहिले. धडधड पुरती गेलेली नाही. आली की स्कूटरच्या सीटवर हात टेकून उभी राहते, ओसरली की लिफ्टकडे जाते.

माझ्या टीममध्ये मात्र मी नियम केला. काम देणाऱ्याने 'सोडू का?' विचारायचं आणि घेणारा 'सोड' म्हणेपर्यंत ते आपल्याच हातात धरायचं. पहिला आठवडा चेष्टेत गेला. मग टीममधले सर्वांत ज्येष्ठ, ओडिशाहून आलेले पन्नाशीचे गृहस्थ, एके दिवशी मोडक्या मराठीत म्हणाले, "आज नको." कुणी हसलं नाही. ते काम आम्ही खाली ठेवलं आणि गुरुवारी उचललं.

परवा मी घरून काम करत होते आणि वडील शेजारी मटार सोलत होते. स्पीकरवर मोठ्याने लावलेल्या कॉलवर त्याच गृहस्थांनी एक काम माझ्याकडे देताना विचारलं, "मॅडम, सोडू का?" मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. वडिलांचा हात थांबला. कॉल संपल्यावर त्यांनी कोण होतं ते विचारलं, मी त्या गृहस्थांबद्दल आणि टीमच्या नियमाबद्दल सांगितलं. ते पुन्हा मटार सोलू लागले.

संध्याकाळी गॅलरीतून त्यांचा आवाज आला. ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर मोठ्याने बोलतात. पलीकडे यार्डातला जुना जोडीदार होता.

"आपलं 'सोड' आता कम्प्युटरवाल्यांत बी चालतंय," ते सांगत होते. "माझ्या पोरीनं नेलंय तिकडं."